कोरे थेंब

काटोलच्या पन्हेरीतून पिशवी आली आहे.
पेपरात गुंडाळलेली संत्र्याची बारा पानं,
प्रत्येक देठाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात: माय.

"तुमच्या फॉर्मात मातृवृक्ष लिहितात,"
कौसल्या बोंद्रे म्हणाल्या, "आम्ही मायच म्हणतो.
बत्तीस वर्षांची आहे. जंबेरीच्या खुंटावर
हिचेच डोळे भरले आम्ही,
वरूडपासून सावनेरपर्यंत.
गिनती नाही केली कधी."

गिनती माझं काम.

पान हिरवं आहे. फारच हिरवं.
मधली शीर सोलून काढते,
नायट्रोजनच्या धुरात खल फिरवते.
बाहेर अमरावती रोडवर शेहेचाळीस,
खलात उणे एकशे शहाण्णव,
उकेला दर उन्हाळ्यात याचंच हसू येतं.
शेवटी हाती उरतं वीस मायक्रोलिटर,
पापणीसुद्धा भिजायची नाही एवढं.

तेवढ्याचेच तेलात वीस हजार थेंब.

जुनं मशीन सगळ्यांना मिळून एकदाच विचारायचं,
गावसभेत विचारतात तसं.
अडतिसाव्या फेरीला मागून कोणी पुटपुटायचं,
आणि आम्ही भांडत बसायचो
तो होकार होता की खोकला.
आता थेंबाथेंबाला वेगळं बसवायचं,
चाळीसदा तापवायचं, निववायचं,
मग एकेकट्याला विचारायचं:
तुझ्याकडे आहे का?

रात्री साडेनऊ. रीडर घरघरतो.
उजेडापुढून थेंब सरकतात, धक्काबुक्की नाही.
नाही.
नाही.
नाही.
स्क्रीनच्या तळाशी गाळासारखी काळी पट्टी,
आणि वर, लांब, एकमेकांनाही अनोळखी
तीन ठिपके.

शेजारच्या खान्यात नुसतं शुद्ध पाणी. तिथंही एक ठिपका.
पाण्याला कुठला आलाय रोग?
माझ्या बाहीचा असेल. एसीच्या वाऱ्याचा असेल.
तीन आणि एक. यांच्यामध्ये
एक अख्खी बाग उभी आहे.

रागिणी टेकाम, ट्रेनिंगची पोरगी,
"मॅडम, चमकतात तेवढेच मोजायचे ना?"
नाही गं.
चमकणाऱ्याच्या पोटात एक असो की दोन,
तो तेवढाच चमकतो, सांगत नाही.
हिशेब लागतो तो कोऱ्या थेंबांवरून.
पंगत उठल्यावर
कोऱ्या राहिलेल्या पत्रावळी मोजाव्यात
आणि जेवून गेलेले ओळखावेत, तसं.
तिनं वहीत लिहून घेतलं: पत्रावळी.
खाली दोनदा रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.
नवी शीर, नवे हातमोजे, चार खाने.
चार. तीन. पाच. तीन.
पाणी: शून्य, शून्य, शून्य, शून्य.
इतकं स्वच्छ शून्य बघून
मला त्या दिवशी आनंद झाला नाही.

फोनवर आधी कोंबड्यांचा आवाज,
मग त्यांचा. "पान तर हिरवंगार आहे बाई."
हो.
"तीन-चार म्हणजे कमीच झाले ना?"
कमी आहेत. पण आहेत.
पुढं काय बोलायचं
ते आमच्या प्रोटोकॉलमध्ये कुठल्याच पानावर नाही.
मी म्हटलं, हिचे डोळे आता काढू नका.
त्या म्हणाल्या, "चाकू धुऊन ठेवला कालच.
तुमचा फोन नाही आला, तेव्हाच समजली मी."

आठवड्यानं त्यांचाच फोन.
जुन्या पावत्या काढून बसल्या आहेत,
कोणाला किती कलमा दिल्या ते लिहितात.
"जलालखेड्याचे ढोके, दोनशे.
मोवाडचे राऊत, सत्तर, पुरात गेल्या त्यातल्या बऱ्याच.
एक मास्तर होते, सायकलवर यायचे,
चाळीस नेल्या. नाव आठवत नाही.
त्यांची ओळ कोरी ठेवू का?"

ठेवा, म्हटलं.
कानाशी फोन धरून
खलातल्या पुढच्या पानावर
नायट्रोजन ओतत राहिले.